नाकातली नळी, पोटातली नळी की चमचा?

रुग्णाला गिळता येईनासं झालं की राउंडला आलेले डॉक्टर विचारतात, “राईल्स ट्यूब किती दिवस ठेवायची? पेग करून घेऊ या का? संध्याकाळपर्यंत सांगा.” मग खाली कँटीनमध्ये चहाचे कप समोर ठेवून घरातली सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. आमच्या घरावर ही वेळ दोनदा आली. आधी सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा, आणि पुढे काही वर्षांनी माझ्या आईचा स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात गेला तेव्हा. प्रश्न तोच होता, पण आम्ही दोन वेगळी उत्तरं दिली. दोन्ही बरोबर होती असं मला आजही वाटतं. पुण्यात आज कुणी याच पेचात असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नाकातली नळी, म्हणजे राईल्स ट्यूब, सिस्टर खाटेवरच पाच-दहा मिनिटांत घालतात. भूल लागत नाही. पोटातल्या नळीला, म्हणजे पेगला, एंडोस्कोपी लागते: दुर्बीण तोंडातून जठरात उतरवतात, पोटावर लहानसं छिद्र करतात आणि तिथून नळी बाहेर काढतात. थोडी गुंगी देतात, काम साधारण अर्ध्या तासाचं. गॉडरर आणि पॉन्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९८० साली ही पद्धत मांडली, ती मुळात गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी सुचली होती. आज ती सर्वांत जास्त वापरली जाते वयस्करांसाठी, आणि गुंता तिथेच आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आमच्या घरात सगळ्यांच्या मनात तोच होता. नणंद म्हणाली, “वहिनी, पोटात नळी घातली की ठसका लागायचा प्रश्नच मिटला ना?” तो मिटत नाही. तोंडातली लाळ श्वासनलिकेत जातच राहते, आणि पोटातलं अन्न उलटून वर येऊ शकतं. न्यूमोनियाची भीती दोन्ही नळ्यांत राहते. ती कमी होते ती डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलून ठेवल्याने, फीडनंतर, म्हणजे नळीतून अन्न दिल्यावर, निदान अर्धा-पाऊण तास तशीच ठेवल्याने, आणि तोंड रोज दोन-तीनदा स्वच्छ पुसल्याने. रुग्ण आता तोंडाने खात नाही तर तोंड कशाला धुवायचं, असं समजणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे फुप्फुसाचा संसर्ग लवकर होतो.

नाकातल्या नळीचा सर्वांत मोठा धोका म्हणजे ती चुकून फुप्फुसात जाणं. म्हणून घातल्यावर एक्स-रे काढून किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता तपासून खात्री करतात. सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकायचा, ही जुनी पद्धत भरवशाची नाही. बाकीचे त्रास रोजचे: नाकाला जखम, घसा दुखणं, नळी तुंबणं आणि रुग्णाने ती उपसून काढणं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्या महिन्यात तीनदा काढली. आमचं घर सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नर्सिंग ब्युरोतून सिस्टर यायच्या, नळी घालायच्या, पण एक्स-रेसाठी बाबांना खुर्चीत बसवून चार जणांनी लाकडी जिना उतरवायचा. तिसऱ्या वेळी दीर म्हणाले, “पेगच करू या, हे आता झेपत नाही.” मला त्यांचा राग आला नाही. काळजी घेणाऱ्यांचे खांदे हासुद्धा या निर्णयातला खरा मुद्दा आहे, आणि तो डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलावा.

पेगचे धोके वेगळे आहेत. छिद्राभोवती संसर्ग हा सर्वांत जास्त आढळतो. तो टाळायला आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. रक्तस्राव, नळीच्या कडेने गळती आणि क्वचित आतड्याला इजा होते. नळी जागेवर धरणारी आतली चकती फार घट्ट बसली तर ती जठराच्या भिंतीत रुतते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला त्या बहुतेकदा चालूच असतात. प्रत्यक्ष प्रक्रियेने मृत्यू येणं दुर्मीळ, शेकडा एकाहूनही कमी. तरीही अनेक रुग्णालयांच्या नोंदींत पेगनंतर महिनाभरात जाणाऱ्यांचं प्रमाण शेकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त दिसतं. ते बहुतांशी मूळ आजाराने जातात. वय जास्त, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आणि अंगात संसर्ग असेल, तर हा धोका वाढतो. म्हणून ताप चालू असताना पेगची घाई करू नये. “आधी ताप उतरू दे, मग बघू” असं म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो.

बाबांच्या वेळी ज्या अभ्यासाने आम्हाला सर्वांत जास्त मदत केली, तो २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला पक्षाघाताच्या रुग्णांचा, ‘फूड’ नावाचा. त्यातल्या एका भागात ३२१ रुग्णांत पोटातली आणि नाकातली नळी अशी तुलना होती. सुरुवातीलाच पेग केलेल्यांत मृत्यू किंवा गंभीर परावलंबित्व ७.८ टक्क्यांनी जास्त आढळलं. दुसऱ्या भागात ८५९ रुग्ण होते: लवकर नळीने अन्न द्यायचं की आठवडाभर थांबायचं? लवकर दिलेल्यांत मृत्यू ५.८ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक सांख्यिकीदृष्ट्या पक्का नव्हता, आणि जे वाचले त्यांतले बरेच जण गंभीर परावलंबी राहिले. आमच्यासाठी अर्थ असा: पक्षाघात झाला तर उपाशी ठेवू नका, पण पहिले दोन-तीन आठवडे नाकातली नळीच बरी. त्या काळात अनेकांचं गिळणं परत येतं. चार ते सहा आठवड्यांनंतरही गिळता येत नसेल तर पेगचा विचार करा. बाबांचं गिळणं पाचव्या आठवड्यात स्पीच थेरपिस्टने दाट पेजेवर आणलं, आणि पेगची गरजच पडली नाही. ते येईल की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. दिराचं ऐकून तिसऱ्याच आठवड्यात पेग केलं असतं, तरी मी त्यांना दोष दिला नसता.

घशाचा किंवा तोंडाचा कर्करोग आणि एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार यांत गणित उलटं. तिथे पुढे गिळणं जाणार हे आधीच दिसत असतं, म्हणून श्वास चांगला आहे तोवर पेग करून घेणं शहाणपणाचं. एएलएसमध्ये फुप्फुसांची ताकद निम्म्यावर येण्याआधी करा, असं सांगतात.

आईचं मात्र तसं नव्हतं. तिने खाणं सोडलं ते घशामुळे नाही, मेंदूमुळे. घास तोंडात ठेवून ती विसरायची. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो किंवा बेडसोर भरतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही ठिकाणी तर बेडसोर जास्तच दिसले. शिवाय नळी उपसू नये म्हणून हात बांधावे लागतात. अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये स्पष्टच सांगितलं की अशा रुग्णांना नळी नको, हाताने सावकाश भरवा. मी ते स्वीकारलं. मऊ भात, नाचणीची आंबील, लहान चमचा, एकेका घासामागे दोनदा गिळायला वेळ. पाऊण तासात कधी अर्धी वाटी जायची, कधी दोनच चमचे. ज्या दिवशी तिने तोंड मिटलं, त्या दिवशी मी चमचा खाली ठेवला. लोक म्हणाले, आईला उपाशी ठेवलं. हे बोल लागतात. पण आजार शरीराला भूक द्यायचं थांबवतो, तेव्हा उपाशी ठेवणं हा शब्द त्याला लागू नाही, हे मला तिच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं आणि ते खरं होतं.

धडधाकट असताना आपली इच्छा लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. आईने असं काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून आमच्या रात्रीच्या चर्चा लांबल्या.

नळी घ्यायचीच ठरली, तर डिस्चार्जच्या आधी हे विचारून घ्या. बरेच दिवस खाणं बंद असेल तर पहिले फीड हळूहळू वाढवायचे असतात, नाहीतर फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं. त्यासाठी रक्ताची तपासणी कधी करायची? कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत? प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी सोडायचं, ते कोण शिकवणार? आणि पेगची नळी निघून आली तर? पहिल्या काही आठवड्यांत निघाली तर ती घरी परत घालू नका, लगेच रुग्णालय गाठा. जखम भरल्यावर निघाली तरी काही तासांत छिद्र आकसतं, तेव्हाही उशीर नको. रात्री दोन वाजता कुठे जायचं, तो पत्ता आणि नंबर फ्रीजवर लावून ठेवा.