‘बर्फाची हमी’ देणारं गुलमर्ग पॅकेज घेण्याआधी

दिवाळीच्या आसपास चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जाहिरात फिरायला लागते: ‘गुलमर्ग स्की रिसॉर्ट, ५ रात्री ६ दिवस, बर्फाची हमी, स्कीइंगसह सगळं समाविष्ट, खास कोकणवासीयांसाठी’. पाठवणारा ओळखीचाच असतो. कुणाचा तरी मुंबईतला मेहुणा किंवा वाडीतला एखादा दादा. त्यालाही ती कुणीतरी पाठवलेली असते, पण तेवढ्यावर ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून विश्वास बसतो.

अशाच पॅकेजवर आपल्याकडच्या काही कुटुंबांचे पैसे गेले. हॉटेल खरं होतं, फोटो खरे होते, खोटा होता फक्त फोन नंबर. गुगल मॅपवरच्या हॉटेलच्या नोंदीत बदल सुचवण्याची सोय कुणालाही असते, तिचा गैरफायदा घेऊन तिथे भलताच नंबर चढवता येतो. त्या नंबरवर आधी ५,००० रुपये टोकन गेलं. मग ‘हिमवृष्टीचा अंदाज आलाय, उद्यापासून दर चढणार’ म्हणून निम्मी रक्कम, आणि निघायच्या आठवड्यात ‘परत मिळणारा जीएसटी’ म्हणून आणखी १८ टक्के. देशातल्या पर्यटकाला खोलीभाड्यावरचा जीएसटी परत मिळत नाही, त्यामुळे ही मागणी आली की तिथेच थांबायचं. मंडळी हॉटेलच्या दारात पोचली तेव्हा बुकिंगच नव्हतं. फोन करायचा तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. हे फसवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून निघण्यापूर्वी घरातलं निदान एक सिम पोस्टपेड करून घ्या आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतील अशी व्यवस्था करा.

सगळेच एवढे उघडे चोर नसतात. जास्त लोक अडकतात ते अर्ध्या खऱ्या पॅकेजमध्ये, देवगडच्या खोक्यात कर्नाटकचा आंबा भरावा तसं. त्यासाठी व्हाउचर नीट वाचायला हवं. नमुन्याला एक ओळ घ्या: ‘स्टे ॲट गुलमर्ग (ऑर सिमिलर), गोंडोला फेज १ आणि २, स्की ॲक्टिव्हिटी, सबजेक्ट टू अव्हेलेबिलिटी’. ‘ऑर सिमिलर’ म्हणजे ‘किंवा तसंच दुसरं’, आणि ते बहुतेक वेळा तंगमर्ग. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तंगमर्ग त्याच्या खाली १३ किलोमीटरवर. बर्फ पडला की तो घाट चढायला चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी लागते. श्रीनगरहून आलेली तुमची गाडी तंगमर्गलाच थांबते आणि वरची गाडी रोज वेगळी करावी लागते. तिचं भाडं पॅकेजमध्ये धरलेलं नसतं. घाट बंद झाला तर तो दिवस खोलीत बसूनच काढायचा. गुलमर्गात हॉटेलं मोजकी आहेत, त्यामुळे नाताळात तिथली खोली कवडीमोलानं मिळत असेल तर ती खोली गुलमर्गात नाही असं खुशाल समजा.

‘फेज १ आणि २’चा घोळ याहून मोठा. गोंडोला म्हणजे तिथली केबल कार. तिचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. दुसरा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. जाहिरातीत स्की घालून उभा असलेला माणूस दाखवतात तो या वरच्या उतारावरचा. तिथे झाडं नाहीत, बर्फ यंत्रानं दाबून सपाट केलेला नाही आणि हिमस्खलनाचा धोका कायम असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीअर तिथल्याच हिमस्खलनात गेले. नवशिक्यानं स्की शिकायची ती खाली, गोंडोलाच्या तळाजवळच्या सौम्य उतारावर, आणि त्यासाठी गोंडोलाचं तिकीट लागतच नाही. वर जाऊन बर्फ बघायचा असेल तर तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच काढा. त्यावर प्रवाशाचं नाव असतं आणि ओळखपत्र पाहतात. एजंटानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवर तुमचंच नाव आणि तीच तारीख आहे का, हे घरी असतानाच तपासा. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, त्याला कुणी काही करू शकत नाही.

आता ‘बर्फाची हमी’. तिथला बर्फ पश्चिमी झंझावातांबरोबर येतो, आणि ते आले नाहीत तर ऐन थंडीत माळ कोरडा राहतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ उघडं पडलं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. जिथे सरकारी स्पर्धांना हमी नाही तिथे एजंट कुठून देणार? नोव्हेंबरात पडलेला बर्फ फोटोपुरता असतो. स्की चालायला दबून बसलेला जाड थर लागतो, तो साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मिळण्याची शक्यता जास्त. नेमका तोच काळ आपल्याकडे मोहोराच्या फवारण्यांचा, आणि मार्चात शिमगा. शिमग्याला कोकणी माणूस गाव सोडत नाही हे विकणाऱ्यालाही कळतं, म्हणून आपल्या गळ्यात दिवाळी आणि नाताळच्या तारखा मारल्या जातात. बागायतदाराला जानेवारीअखेर चार दिवस काढता आले तर तेच बरे. बर्फ नसेल तर तारीख बदलून मिळेल का, आणि ते किती दिवस आधी कळवायचं, हे लेखी घ्या.

‘स्की ॲक्टिव्हिटी’ म्हणजे काय हेही विचारून घ्या. पुष्कळदा तासभर लाकडी स्लेजवर ओढतात आणि झालं स्कीइंग. लेखी हवं ते असं: किती तास, किती माणसांमागे एक शिकवणारा, आणि स्की, बूट, काठ्या भाड्यात धरल्यात का. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. टाच भिंतीला लावून पाऊल मोजा, २६.५ भरलं तर २६.५ चाच बूट. बकलं आवळून गुडघा पुढे वाकवल्यावर टाच वर उचलली जात असेल तर बूट बदलून मागा. नवशिक्याची स्की उभी धरली की हनुवटीपर्यंत यावी. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. तिचा आकडा तुमचं वजन, उंची आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावून घ्या. पडल्यावर बाइंडिंग सुटलं नाही तर गुडघा जातो, म्हणून गंजलेलं बाइंडिंग घ्यायचंच नाही. सामान ताब्यात घेताना आधीच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, नाहीतर परत देताना ‘तुटलं’ म्हणून पैसे मागतात. ठेव म्हणून मूळ आधार कार्ड कुणाच्या हाती देऊ नका.

उत्तराखंडातल्या औलीच्या स्की पॅकेजमध्ये ‘जोशीमठ ते औली रोपवे’ दिसला तर सावध व्हा. जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर तो बंद झाला, तरी पत्रकांवर तसाच छापून येतो. ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर डोंगरी रस्ता आहे, पूर्ण दिवस जातो. ‘संध्याकाळपर्यंत औलीत स्कीइंग’ हे निव्वळ थाप. खरंच शिकायचं असेल तर गढवाल मंडल विकास निगमाचे औलीतले, गुलमर्गातल्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेचे किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेचे वर्ग पाहा. शुल्क आणि तारखा संस्थेकडूनच घ्या.

पैसे देताना यूपीआयवर जे नाव दिसतं ते हॉटेलचं किंवा कंपनीचं हवं. एखाद्या व्यक्तीचं दिसलं तर पाठवू नका. नेफ्टनं (बँकेतून थेट खात्यात) पैसे पाठवण्याआधीही आता खातेदाराचं नाव तपासता येतं. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर घाला: नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख दिसते. दोन महिन्यांपूर्वी नोंदलेली कंपनी ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगत असेल तर पुढे बोलायची गरज नाही. क्रेडिट कार्डानं भरलेल्या पैशांवर बँकेकडे तक्रार करून परतावा मागता येतो, यूपीआयवर ते अवघड. आणि ‘परतावा देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी धरून. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ती गोठवता येते, म्हणून एजंटाशी वाद घालत तास घालवू नका. कंपनी खरी असून सेवा दिली नसेल तर ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीत किंवा ओरोसला तक्रार दाखल करता येते, श्रीनगरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्कही नाही.