नागपूर, वर्धा रोडकडचं बेवारस जनावरांचं शेल्टर: साडेतीन स्टार

नाव लिहत नाही, गेलेल्यांना समजेलच. पोरीच्या हट्टापायी मांजर आणायला गेलो होतो आणि आणली तीन पायांची कुत्री, ते वेगळं.

आधी चांगलं सांगतो. जागा साफ, कूलर सुरू, पोट्टे मनापासून काम करून राहिले. अडॉप्शनचे पैसे नाही, पण आधार कार्ड, घरमालकाचं लेटर आणि 'गच्चीवर बांधून ठेवणार नाही' असं सही करून लिहून घेतलं, बायको वैतागली, मला मात्र बरं वाटलं. कुत्रीची नसबंदी आणि रेबीजचं इंजेक्शन झालेलं, त्याची खूण म्हणून कानाला कट आहेच. तिथं बसलो तेवढ्यात दोन फॅमिली 'लॅब्राडोर आहे का' विचारून आल्या पावली परत गेल्या, म्हातारी देशी कुत्री जाळीला नाक लावून पाहतच राहिली.

आता दीड स्टार काऊन कापला ते. रजिस्टरमधे दोनच रकाने, आला आणि गेला. काउंटरवरच्या दादाला म्हटलं, भाऊ, गेला म्हणजे घरी गेला का वर गेला? तो म्हणे सगळं त्यातच येते, नसबंदी करून गल्लीत परत सोडलेला पण. एका तारखेला सात पिल्लं 'गेली' दिसली, मला वाटलं वा, विचारलं तर पार्वोच्या आजारानं मेली.

इंजेक्शन देऊन किती झोपवले, याचं उत्तर मिळालं नाही. लपवत असतील असं मी म्हणत नाही, आपल्याकडं जागा नाही म्हणून मारता येतच नाही, 2023 च्या एबीसी, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या नियमांत फक्त बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असलेल्या कुत्र्यालाच दयामरण आहे, तेही डॉक्टरच्या हातानं आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. पण मग लिहायला काय जाते? अमेरिकेतली कितीतरी शेल्टरं किती आले, किती घरी गेले, किती मारले हे आकडे जाहीर करतात, 90 टक्के जिवंत बाहेर पडले तर नो-किल म्हणवतात, आणि तिथं तर जागेअभावी खरंच मारतात. इथं मारत नाही तरी आकडा नाही, म्हणजे चांगल्या कामाचाही हिशोब नाही ना बे.

निघताना आमच्या कुत्रीसमोर पण 'गेली' लिहिलं. मी पेन मागितला आणि बाजूला बारीक अक्षरात घरचा पत्ता लिहून दिला, मनीषनगर.