डीसीएफएच-डीएची ५० मिलिग्रॅमची बाटली: दीड वर्ष वापरल्यानंतर

करंगळीएवढी तपकिरी बाटली, तळाला चिमूटभर पांढुरकी पावडर. ही डीसीएफएच-डीए, म्हणजे पेशीतला ऑक्सिडेशनचा ताण उजेडाने दाखवणारं रसायन (प्रोब). दुसरी बाटली आली तेव्हा आमच्या लॅबमधले मामा म्हणाले, "एवढ्यासाठी एवढा मोठा खोका?" खोका थर्माकोलचा होता आणि त्यातल्या बर्फाच्या पाऊचचं कधीच पाणी झालं होतं. ते रामायण पुढे सांगते. आधी बाटलीबद्दल, कारण "मॅडम, आरओएस मोजायला कुठला प्रोब घेऊ?" असं एमएस्सीची पोरं दर आठवड्याला विचारतात (आरओएस म्हणजे पेशीत तयार होणारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू) आणि दर वेळी तेच सांगून माझा घसा बसतो.

माझी पीएचडी डाळिंबाच्या सालीवर आहे. सोलापुरात राहून दुसऱ्या कशावर करणार? केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला मिळालेलं जीआय मानांकन, आणि रसाच्या गाड्यांवर सालीचा ढीग फुकट. यीस्टच्या पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइडचा ताण द्यायचा आणि सालीचा अर्क तो ताण कमी करतो का ते बघायचं, एवढं साधं काम. म्हणजे प्रस्ताव लिहिताना साधं वाटलं होतं.

हा प्रोब चालतो कसा, ते सांगते. डीसीएफएच-डीए पेशीत सहज शिरतो. आत एस्टरेज नावाची एन्झाइम्स त्याचे दोन ॲसिटेट गट कापतात आणि उरलेला डीसीएफएच सहजी बाहेर पडत नाही. (हळूहळू पडतो. वेळ मोजून काम केलं नाही तर आकडे घसरतात.) त्याचं ऑक्सिडेशन झालं की डीसीएफ तयार होतो. ४८५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला की तो ५३०च्या आसपास हिरवा उजळतो. असा उजेड (फ्लुओरेसन्स) मोजणाऱ्या साध्या प्लेट रीडर यंत्रात हे फिल्टर बहुधा असतातच, निराळं काही विकत घ्यावं लागत नाही. ४.८७ मिलिग्रॅम पावडर डीएमएसओ या द्रावकाच्या एका मिलिलिटरमध्ये विरघळवली की १० मिलिमोलर स्टॉक, म्हणजे मूळचं दाट द्रावण. मी ५० मायक्रोलिटरच्या वीस नळ्या भरते, फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवते आणि एक नळी एकदाच उघडते. डीएमएसओ साडेअठरा अंशांवर गोठतं. आमच्याकडे मे महिन्यात त्याला ते भाग्य फ्रीजमध्येच. पेशींसाठी १० मायक्रोमोलर, ३० अंशांवर अर्धा तास, अंधारात. मग धुऊन काळ्या भिंतींच्या ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये.

उजेड छान पडतो, यात वाद नाही. पेरॉक्साइड दिलेले खाने आणि न दिलेले खाने यांच्यातला फरक पहिल्याच दिवशी दिसला आणि मी घरी जाताना पार्क चौकात थांबून स्वतःलाच भेळ खाऊ घातली. किंमतही परवडणारी. बाकी प्रोबांची कोटेशनं पाहिली की याची किंमत चिल्लर वाटते.

आता तक्रार. दुकानदाराच्या पानावर लिहिलेलं असतं "हायड्रोजन पेरॉक्साइड ओळखणारा प्रोब". हे खरं नाही. डीसीएफएच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नुसते एकत्र ठेवले तर फारसं काही घडत नाही. मध्ये पेरॉक्सिडेज हे एन्झाइम लागतं, नाहीतर लोहासारखा धातू, नाहीतर सायटोक्रोम सी हे लोह असलेलं प्रथिन. १९६५ साली केस्टन आणि ब्रँट यांनी हा रंग पेरॉक्साइड मोजायला वापरला तेव्हा त्यांच्या नळीत पेरॉक्सिडेज होतंच. ते काचेच्या नळीतलं मोजमाप आपण उचलून पेशीत नेलं आणि पेरॉक्सिडेजचं विसरलो. पेशीत हायड्रॉक्सिल रॅडिकल, नायट्रोजन डायऑक्साइड, पेरॉक्सीनायट्राइटपासून झालेले रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेले तापट रेणू), सगळेच याला उजळवतात. पेशी मरताना सायटोक्रोम सी सुटला किंवा मोकळं लोह वाढलं तरी उजेड वाढतो, पेरॉक्साइड होतं तेवढंच असलं तरी. कुकरची शिट्टी झाली एवढंच बाहेरून कळतं. आत डाळ आहे की भात, ते नाही.

त्याहून वाईट म्हणजे हा प्रोब स्वतःच पेरॉक्साइड बनवतो. ऑक्सिडेशन होताना मधल्या पायरीला जो रॅडिकल तयार होतो तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, त्यातून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड. मोजायला बसवलेला माणूसच पोत्यात धान्य टाकतोय. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तोवर दोन पोस्टर छापून झाली होती.

प्रकाशाचंही तसंच. सूक्ष्मदर्शकाखाली शटर उघडं ठेवून मी फोकस लावत बसले, पाच मिनिटांत सगळं क्षेत्र हिरवंगार. सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, बोलावून दाखवलं. सर म्हणाले, "सुंदर. आता पेरॉक्साइड न दिलेली स्लाइड दाखव." तीही तितकीच सुंदर झाली. प्रकाशानेच ऑक्सिडेशन होत होतं. त्यानंतर मी खिडकीला काळा कागद लावला. मामा दारातून डोकावून विचारायचे, "मॅडम, अंधारात काय करायलाव?"

सगळ्यात जास्त दिवस गेले ते डाळिंबात, आणि वनस्पतींचे अर्क घेऊन काम करणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं. अर्क दिला की उजेड निम्म्यावर यायचा, दर वेळी. इतका नेमका परिणाम की मला शंका यायला हवी होती, पण आनंदात शंका येत नाही. एका रविवारी जेवताना अण्णांना सांगत होते. अण्णांची सगळी नोकरी चादरीच्या सुताच्या डाईंगमध्ये गेली. ते म्हणाले, "डाळिंबाची साल सुताला धरते. धुतली तरी जात नाही. तुझ्या यीस्टला का नाही धरणार?"

घास हातातच राहिला. सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिन असतात आणि टॅनिन प्रथिनांना चिकटतात. डाळिंब सोलल्यावर काळी पडलेली बोटं कोणी पाहिली नाहीत? मी पेशी धुते म्हणजे अर्क गेला, हे मी गृहीत धरलं होतं. सोमवारी पेशीच वगळल्या. डीसीएफएच-डीए सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवून ॲसिटेट गट काढले, फॉस्फेट बफरने उदासीन केलं, त्यात पेरॉक्सिडेज आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. झगझगीत हिरवं. मग त्यात अर्क घातला. उजेड निम्म्यावर! एकही पेशी नसताना माझा अर्क पेशींचं रक्षण करत होता.

मग तयार डीसीएफ घेतला, ज्यात आता ऑक्सिडेशन व्हायचं काहीच शिल्लक नाही. त्यातही अर्क घातल्यावर उजेड उतरला, जरा कमी, पण उतरला. म्हणजे अर्काचा पिवळा-तपकिरी रंग प्रकाशच गिळत होता. थोडं रसायन, थोडा रंग, आणि पेशीचा वाटा किती, तो मला आजही दशांशात सांगता येणार नाही. हळदीवर काम करणाऱ्या मैत्रिणीचं उलटं झालं: कर्क्युमिन स्वतःच हिरवट चमकतं, त्यामुळे तिचा ताण वाढल्यासारखा दिसायचा. सहा महिन्यांची वही मी बाजूला ठेवली. हा दोष बाटलीचा नाही, माझा आहे. पण बाटलीबरोबर येणाऱ्या कागदावर "पेशींशिवायचा कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) लावा" एवढी एक ओळ छापायला काय जातं?

दुसरे प्रोब थोडक्यात. सुपरऑक्साइडसाठी डायहायड्रोइथिडियम घेतात. लाल उजेड पडतो, पण सुपरऑक्साइडपासून होणारं २-हायड्रॉक्सीइथिडियम आणि बाकी ऑक्सिडेशनमधून होणारं इथिडियम दोन्ही लालच. वेगळे करायला एचपीएलसी हे मिश्रणातले घटक सुटे करणारं यंत्र लागतं, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या दारात रांग. मायटोसॉक्स या त्याच्या भावंडाची गतही तीच, फक्त पत्ता मायटोकॉन्ड्रियाचा. ॲम्प्लेक्स रेड मात्र मला मनापासून आवडला: पेरॉक्सिडेजसोबत तो पेरॉक्साइडच्या एका रेणूला साधारण एक रेसोरुफिन (चमकणारा रंग) देतो, हिशेब सरळ. पण तो पेशीच्या बाहेर आलेलं पेरॉक्साइड मोजतो, आणि फिनॉलने भरलेला माझा अर्क पेरॉक्सिडेजच्या त्याही कामात नाक खुपसतो. जनुकातून पेशीतच बसवायचे हायपर आणि आरओजीएफपी हे सेन्सर सगळ्यांत शहाणे. आमचं बजेट तेवढं शहाणं नाही.

आता त्या खोक्याचं. दुसरी बाटली मी मे महिन्यात मागवली, हा माझा गाढवपणा. पुण्याहून निघाली शुक्रवारी, शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात, सोमवारी माझ्या टेबलावर. बाहेर पारा ४२. पावडर दिसायला ठीक होती, पण डीएमएसओमध्ये विरघळवल्यावर स्टॉकला पिवळी झाक आली आणि पेशींशिवायच्या खान्यातला उजेड पहिल्या बाटलीपेक्षा कितीतरी वर. फोन केला. पलीकडचे साहेब म्हणाले, "मॅडम, पावडर आहे, पावडरला काय होतंय?" प्लेटचे आकडे आणि दोन्ही नळ्यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी बदलून दिली, तेही सरांनी आवाज चढवल्यावर. सेवेला पाचपैकी दीड.

बाटलीला साडेतीन. स्वस्त आहे, झटपट आहे, पेरॉक्साइड किंवा टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड दिलेला पॉझिटिव्ह कंट्रोल लावला तर पहिला अंदाज नीट देते. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला खुशाल घ्या. अर्ध्या गुणाला कात्री लावली ती जाहिरातीतल्या दाव्यासाठी, एका गुणाला प्रकाशासाठी. आणि रंगीत अर्क असेल तर आधी पेशींशिवायची प्लेट, मग बाकीचं. २०२२ साली नेचर मेटाबॉलिझममध्ये या विषयातल्या बऱ्याच जणांनी मिळून मार्गदर्शक सूचना छापल्या आहेत. नुसतं "आरओएस" म्हणू नका, कुठला रेणू ते सांगा, असं त्यात बजावलंय. ते वाचल्यावर मी प्रबंधातल्या आलेखांची नावं बदलत बसले. जिथे जिथे "आरओएसची पातळी" होतं तिथे आता "डीसीएफचा उजेड" आहे. सरांनी भुवई उंचावली, पण सही केली.

फ्रीजरमध्ये चार नळ्या उरल्यात. पुढची बाटली डिसेंबरात मागवणार, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत, आणि सोमवारी निघेल अशीच.