संशोधन कार्यालयातल्यांसाठी आपला गट

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी अनुदानांचं काम बघते. हे काम करणारे बहुतेक ठिकाणी दोघं-तिघंच, मग अडलं तर विचारायचं कोणाला? जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेने २०१८मध्ये संशोधन व्यवस्थापनासाठी खास उपक्रम सुरू केला, तेव्हा आमच्यासारख्यांना जरा बळ आलं. शहरातला आमचा गट छोटा, पण मार्चअखेरीस त्याची खरी किंमत कळते. जीएफआर (केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कसं खर्चलं याचा दाखला, भरताना शिल्लक रकमेवरचं व्याज कुठे दाखवायचं, हे दुसऱ्या संस्थेतल्या मॅडमनी रात्री फोनवर रकाना-रकाना समजावलं. स्वतःचं काम बाजूला ठेवून! उणीव एकच: हिशेबातली माणसं भरपूर, करार आणि पेटंट जाणणारं कोणी नाही. तंत्रज्ञान हस्तांतरण बघणाऱ्यांनी जरूर यावं. वर्गणी नाही.