लॉजिकचा ऑनलाइन कोर्स केला, जरूर करा
लॉजिक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं धरून बसलेलो, पण तिसऱ्याच लेक्चरला ब्राउवर हा डच गणितज्ञ आला, ज्याने १९०८ मध्येच विचारलं की अनंत गोष्टींबद्दल बोलताना 'एकतर हे खरं नाहीतर याचं उलट खरं' हे कशावरून? मग लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाचं १९२० चं लॉजिक, खरं, खोटं आणि मधलं काहीतरी. डोकं भणाणलं अक्षरशः! मला आता असं वाटतंय की नियम आपण निवडतो पण एकदा निवडले की त्यातून काय निघेल ते आपल्या हातात नसतं, आणि हा भाग सरांनी फार जीव लावून शिकवलाय. गोडेलचं १९३१ चं प्रमेय (गणिताच्या नियमांतून सगळीच खरी विधानं सिद्ध करता येत नाहीत, असं सांगणारं) मात्र घाईत उरकलंय, ते खटकलं, त्याला अजून दोन लेक्चर हवीच होती. पाचपैकी चार स्टार.