कॉट्सवोल्ड्समधलं दगडी कॉटेज: ग्रेड टू लिस्टेड घ्यावं की बिगर-लिस्टेड?

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्समध्ये घर बघताना एकाच गल्लीत, एकाच पिवळसर चुनखडीच्या दगडात बांधलेली दोन कॉटेजेस पुढ्यात येऊ शकतात. एक ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे संरक्षित जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं, दुसरं नुसतं कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपलेल्या परिसरात. भिंती दोन्हींच्या साधारण दीड-दोन फूट जाड आणि भरीव. खरा फरक परवानग्यांचा.

लिस्टिंग म्हणजे फक्त दर्शनी भाग, हा समज चुकीचा आहे. आतला जिना, तुळया, फळ्यांची दारं, जुनी शेकोटी, सगळं त्यात येतं. आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची गडगी आणि शेडही बहुधा येतात. स्वयंपाकघरासाठी मधली भिंत पाडायची तर कन्सेंट, म्हणजे कौन्सिलची (स्थानिक प्रशासनाची) खास परवानगी लागते. अर्जाला फी नसते, निर्णयाची मुदत साधारण ८ आठवडे. पैसे जातात ते नकाशे आणि हेरिटेज स्टेटमेंटवर, म्हणजे वास्तूचं महत्त्व आणि बदलाचा परिणाम सांगणाऱ्या अहवालावर. परवानगीविना केलेलं काम हा फौजदारी गुन्हा आहे आणि नोटिशीला कालमर्यादा नाही. आधीच्या मालकाने २० वर्षांपूर्वी बसवलेली प्लास्टिकची खिडकी काढण्याची नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते. आमच्या मते या व्यवहारातला सगळ्यात मोठा धोका हाच. सॉलिसिटरला (खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला) प्रत्येक बदलाचा कन्सेंट मागायला लावा. मंजूर बदलांवरची व्हॅटची सवलतही ऑक्टोबर २०१२ पासून बंद आहे.

बिगर-लिस्टेड घरात आतल्या बदलांना फक्त बिल्डिंग रेग्युलेशन्स पाळावी लागतात. बाहेर मात्र बाजूची वाढ, डॉर्मर (छतातून बाहेर काढलेली खिडकी), भिंतीवर क्लॅडिंग (बाहेरून लावलेलं आवरण) यांना प्लॅनिंग परवानगी हवी. दीड मीटर उंचीवर ७५ मिमीहून जाड खोड असलेलं झाड तोडायचं तर ६ आठवडे आधी कळवावं लागतं. आर्टिकल फोर, म्हणजे एरवी मोकळे असलेले बदलही परवानगीखाली आणणारा आदेश, लागू असेल तर खिडक्या-दारांनाही परवानगी. कौन्सिलकडे आधी विचारा.

ओलीच्या बाबतीत दोन्ही घरं सारखीच. दगडात शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून बाहेर पडतं. कोणी त्या सिमेंटने भरल्या असतील तर पाणी दगडातच अडतं, थंडीत गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा दरजा रुंदीच्या दुप्पट खोल, हाताने कोरून काढायच्या. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. मग त्या हायड्रॉलिक चुना (पाण्याने घट्ट होणारा चुना, ३.५ ही त्याची ताकदीची प्रत) आणि चाळलेली जाड वाळू साधारण १:३ प्रमाणात मिसळून भरायच्या. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम थांबवा, आणि भरलेल्या दरजा काही दिवस ओल्या गोणपाटाने झाका. लिस्टेड घरात मोठ्या भागाचं काम असेल तर आधी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरशी बोला.

दुहेरी काचा, उघडं स्वयंपाकघर, मोठं बाथरूम पहिल्या वर्षातच हवं असेल तर बिगर-लिस्टेड घ्या. आहे त्या खोल्यांत राहायची तयारी आणि जुन्या खिडक्या तशाच ठेवून आतून दुसरी काच (सेकंडरी ग्लेझिंग) चालणार असेल तर लिस्टेड घर नक्की विचारात घ्या. कुठलंही घेतलंत तरी लेव्हल थ्री सर्व्हे (घराची सगळ्यात सखोल तपासणी) चुन्याचं काम जाणणाऱ्या सर्व्हेअरकडून करवा. ओल थांबवायला भिंतीत रसायनाचं इंजेक्शन देणाऱ्या कंपनीच्या फुकट अहवालावर ऑफर देऊ नका. ओबडधोबड दगडांच्या भरीव भिंतीत ते इंजेक्शन सलग पसरत नाही.