बंदी, शक्यतेचे आकडे की खर्चाला मर्यादा? निवेदन लिहिण्याआधी

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा आमदार हाकेच्या अंतरावर असतात. मोबाइल गेममधल्या खरेदीबद्दल निवेदन द्यायचं आम्ही प्रतापनगरच्या काही पालकांनी ठरवलंय. मागणी काय करायची यावर मात्र एकमत नाही. तुमच्याकडेही हाच प्रश्न असेल, तर मला काय वाटतं ते सांगतो.

केंद्राने 2025 मध्ये केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. पण गेममधले हिरे, म्हणजे गेमचं चलन, खऱ्या पैशांनी विकत घेऊन पेटी (आत काय निघेल ते नशिबावर) फिरवणाऱ्या पोट्ट्याला पैसे जिंकायचेच नसतात, त्याला बंदुकीची स्किन, म्हणजे तिचं नवं रूप, हवी असते. त्या कायद्याचा रोख याच्यावर नाही.

माझा भाचा 12 वर्षांचा आहे. गोकुळपेठ बाजारात भाजीचे पैसे देताना ताईने दाबलेला यूपीआय पिन त्याने बघून ठेवला. नंतर आम्ही खाते उतारा काढला: 79, 79, 159, पुन्हा 79. एकाही रकमेवर ताईची नजर अडली नव्हती, कारण रकमा दूध-ब्रेडसारख्याच दिसत होत्या. महिन्याची बेरीज सहा हजारांवर गेली.

बेल्जियमने एप्रिल 2018 मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. फुटबॉलच्या एका मोठ्या गेमने तिथे पेट्या उघडायचे पॉइंट विकणं थांबवलंही. पण काही वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा सर्वाधिक कमाईच्या 100 आयफोन गेम्सपैकी 82 मध्ये पेट्या तशाच होत्या. बंदी ऐकायला जोरदार वाटते, पण राबवायला माणसं लागतात.

दक्षिण कोरियात मार्च 2024 पासून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती टक्के, हे सांगणं सक्तीचं आहे. मोठ्या माणसाला याचा उपयोग आहे. 12 वर्षांच्या मुलाला अर्धा टक्का म्हणजे किती कमी, हे वाचून कळत नाही. त्याला पुढची पेटी दिसते.

चीनने 2019 मध्ये थेट खर्चालाच हात घातला. आठ वर्षांखालच्या मुलांना खरेदी बंद, 16 पर्यंत एका वेळी 50 युआन आणि महिन्याला 200, पुढे 18 पर्यंत 100 आणि 400. ताईचं नुकसान नेमकं इथे अडलं असतं. 2021 मध्ये त्यांनी खेळायच्या वेळेवर घातलेली बंधनं मात्र मी मागणार नाही, ते घरातच ठरावं. शिवाय चीनची पद्धत ओळखपत्रावर उभी आहे. मुलांचे कागद गेम कंपनीकडे जावेत हे मला मान्य नाही. म्हणून मर्यादा अ‍ॅप स्टोअरच्या खात्यावर असावी: महिन्याची बेरीज 500 रुपयांपुढे गेली की पालकाची नव्याने परवानगी.

याला परताव्याची जोड हवीच. अमेरिकेत एका बड्या गेम कंपनीला 2022 मध्ये ग्राहकांच्या परताव्यासाठी 24.5 कोटी डॉलर मान्य करावे लागले. आपल्याकडे तर अज्ञानाने, म्हणजे 18 वर्षांखालच्याने केलेला करार मुळातच रद्दबातल धरतात. मागणीला हा पाया पक्का आहे.

माझा क्रम असा: मर्यादा, परतावा, मग शक्यतेचे आकडे. राज्याने केंद्राकडे तशी शिफारस करावी. निवेदनाला खाते उतारे जोडा, नाव आणि खाते क्रमांक झाकून, गेमच्या रकमांना लाल पेनाने गोल करून. ताईने तिचा कालच आणून दिला, तीन पानांचा आहे.